चिमाजी सोडावाल्याचा आंतरराष्ट्रीय करार

परदेशी कंपन्या देश कसा गिळतात, हे चिंचवडात ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं दत्तोबाच्या केशकर्तनालयात दाढीला बसावं, अशी पन्नास-पंचावन्न साली सोय होती. दाढी दत्तोबा करायचा आणि व्याख्यान चिमाजी शेडगे द्यायचा. वर्तमानपत्र दत्तोबानं गिऱ्हाइकांसाठी लावलेलं होतं. पण पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी चिमाजी ते वाचून, त्यावर मत बनवून, नीट घडी घालून ठेवत असे. त्यामुळे चिंचवडकरांना बातमीच्या आधी मत मिळायचं.

चिमाजीचा धंदा गोळीच्या सोड्याचा. धंद्याविषयी तो फारसा बोलत नसे. त्यात बोलण्यासारखं होतं काय? पाणी, गॅस आणि बाटलीच्या गळ्यात अडकलेली काचेची गोळी. मूळचा तो सातारकडचा. लढाईच्या काळात पुण्याच्या लष्कर भागात एका पारशाच्या सोडा फॅक्टरीत गोऱ्या सोल्जरांसाठी बाटल्या भरायला होता. लढाई संपली, सोल्जर गेले, पारशी कंटाळला आणि त्याचं जुनं मशीन चिमाजीनं चिंचवडात आणून बसवलं. स्वतःच्या बाटल्या ओतून घेतल्या. प्रत्येक बाटलीच्या पोटावर काचेतच उठवलेलं होतं : ‘चिमाजी सोडा, चिंचवड’. ती अक्षरं बोटांनी चाचपताना त्याला जे वाटायचं, ते राज्याभिषेकाच्या वेळी राजांना वाटत असावं असा त्याचा अंदाज होता.

पुढं स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली की तो म्हणायचा, “माझ्याकडं जेवढी अक्कल होती तेवढी मी दत्तोबाच्या दुकानात वाटून टाकली. घरी न्यायला उरलीच नाही.”

त्या अकलेचा नमुना असा.

“कंपनी म्हणजे काय, दत्तोबा?”

“कंपनी म्हंजी मोठा सायेब,” दत्तोबा वस्तरा पाजळत म्हणाला.

“चुकलात. कंपनी म्हणजे कायद्यानं तयार केलेला माणूस. त्याची मालमत्ता असते, तो दावे लावतो, करार करतो. फक्त त्याचं पोट दुखत नाही, त्याला लाज वाटत नाही आणि तो मरत नाही. आता असा माणूस सरकारशी करार करायला बसला, तर काय होईल? सरकार पाच वर्षांनी मतं मागायला जाणार आणि हा आपला तिथंच बसलेला.”

खुर्चीत उद्धवराव मास्तर होते. पेन्शनीत निघालेले, अर्ध्या गालाला साबण. ते म्हणाले, “मग काय करायचं म्हणता? परकं भांडवल नको, तर कारखाने काय भंडाऱ्याच्या डोंगरावरून उतरणार?”

“भांडवलाला कोण नाही म्हणतं, मास्तर? पण तेलकंपन्यांना आपल्या सरकारनं लिहून दिलंय, पंचवीस वर्षं तुमच्या कारखान्याला हात लावणार नाही. आता म्हणे परदेशी कंपन्यांची मागणी त्याच्याही पुढची आहे. देशादेशांत व्यापाराचे करार होतात ना, त्यांत कलम घाला म्हणतात. कंपनीचं आणि सरकारचं भांडण झालं, तर ते आपल्या कोर्टात चालायचं नाही. तिऱ्हाईत लवाद बसवायचा, तोही परदेशात. म्हणजे कंपनी फिर्यादी आणि अख्खा देश आरोपी!”

“का बसवू नये?” मास्तर म्हणाले. “परक्या मुलखात पैसा ओतायचा आणि भांडण त्याच मुलखाच्या न्यायाधीशापुढं न्यायचं? तुम्ही तरी हवेलीच्या मामलेदाराकडं खुशीनं जाता काय? आणि तुमच्या सोड्याच्या मशिनवर काय लिहिलंय हो, चिमाजीराव? लंडनच ना?”

“ते विकत घेतलंय. मशीन घरात आलं म्हणून लंडनचा माणूस माझ्या माजघरात येऊन बसला नाही.”

दुकानात हशा झाला. मास्तरांचा गाल हलला आणि दत्तोबानं वस्तरा जरा लांब धरला. चिमाजी त्या दिवशी घरी गेला तो देशाची अब्रू एकट्यानं राखल्यासारखा. सावित्रीबाई बाटल्या घासत होत्या. त्यांनी विचारलं, “थेरगावची खोकी गेली का?” गेली नव्हती.

चिमाजीनं स्वतः केलेले करार मात्र दत्तोबाच्या दुकानात कधी चर्चेला आले नाहीत. थेरगावला मंजुळाबाईंचं चहाचं हॉटेल होतं. तिथं आणि अशा सगळ्या हॉटेलांत त्याचा नियम एकच : माझ्या बाटलीशेजारी दुसऱ्याची बाटली दिसली, की माझ्या बाटल्या उचलून नेईन. याला तो शिस्त म्हणायचा. आणि चिखलीत सोडा बनवणारे जे सोपानराव, त्यांच्याशी तर त्यानं अख्खा मुलूखच वाटून घेतला होता. रेल्वेच्या रुळाच्या अलीकडं, म्हणजे चिंचवड-थेरगावच्या अंगाला, चिमाजीनं सोडा विकायचा. रुळाच्या पलीकडं, चिखलीच्या अंगाला, सोपानरावांनी. एकानं दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

या कराराला कागद नव्हता. या भागात तेव्हा खात्रीचा करार कागदावर करत नसत, खंडोबापुढं बेलभंडारा उचलून करत. दोघे आकुर्डीच्या खंडोबाला गेले, हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेतला आणि बोलले. बेलभंडारा उचलून मोडला तर काय होतं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण कुणी मोडलेलाच नव्हता.

तेव्हा रुळाच्या पलीकडं माळ होता आणि बोरीबाभळी होत्या. आपण हुशारीनं गावं घेतली आणि सोपानरावांच्या गळ्यात काटे बांधले, या विचारानं चिमाजीला बरेच दिवस गुदगुल्या होत. मग सरकारनं पिंपरीला औषधांचा कारखाना काढला. तो नेमका रुळाच्या पलीकडं. बाभळी गेल्या, भिंती आल्या, फाटक आलं आणि शिफ्ट सुटली की त्या फाटकातून तहानलेली माणसं लोंढ्यानं बाहेर पडू लागली. सोपानराव हातगाडीवर बाटल्या लावून समोर उभे. चिमाजी रुळाच्या अलीकडं सायकल टेकवून बघत राही. फट्ट, फट्ट, फट्ट. दुसऱ्याच्या बाटल्यांतल्या गोळ्या खाली जाण्याचा आवाज इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्याला यायचा.

अशा मनःस्थितीत पंचावन्नच्या हिवाळ्यात टिपणीससाहेब आले.

टिपणीस एका परदेशी थंडपेयाच्या कंपनीचे प्रतिनिधी होते. गळ्यात टाय, पायांत चकचकीत बूट, बोलणं तुपातलं. कंपनीची बाटली तपकिरी पेयाची, वर पत्र्याचं बूच. त्यांचं म्हणणं साधं होतं. कंपनी चिमाजीला बर्फाची हिरवी पेटी देईल, रंगीत बोर्ड देईल आणि कारखान्याच्या फाटकासकट रुळाच्या दोन्हीकडच्या साऱ्या गावांत एकट्याला विक्री देईल. अट एवढीच की चिमाजीनं दुसरं पेय विकायचं नाही आणि बनवायचंही नाही.

“ही अट जरा कडक वाटेल,” टिपणीस म्हणाले.

“छे,” चिमाजी म्हणाला. “माझीही हॉटेलवाल्यांना हीच असते.”

“वा! म्हणजे तुम्ही आमच्याच शाळेतले निघालात!”

चिमाजीला ही स्तुती वाटली. तो पुढं हे सांगताना इथं नेहमी थांबायचा आणि कानाची पाळी धरायचा.

करार इंग्रजीत होता. टिपणिसांनी तो कलमाकलमानं मराठीत समजावून सांगितला, काही लपवलं नाही. मुदत वर्षाची. पुढं वाढवणं न वाढवणं कंपनीच्या मर्जीवर. तंटा झाल्यास कंपनी नेमील तो लवाद, मुंबईस. हे शेवटचं ऐकताना चिमाजीच्या डोक्यात कुठंतरी दत्तोबाच्या वस्तऱ्याचा आवाज झाला. पण फाटकासमोरचा फट्ट फट्ट त्याहून मोठा होता.

“आणि तुमची ती शपथ?” साहेब गेल्यावर सावित्रीबाईंनी विचारलं. “रूळ ओलांडायचे नाहीत ना?”

“शपथ सोड्याची होती. हा सोडा नाही. शिवाय माल माझा नाही, कंपनीचा. रूळ ओलांडणार कंपनी. मी फक्त तिच्याबरोबर चालणार.”

“हे देवाला सांगितलंत का समजावून?”

“देवाला काय सांगायचं? त्याच्यापुढं आता पक्कं काम करणार आहे.”

पक्कं काम म्हणजे चिमाजीच्या आयुष्यातला सर्वांत मुत्सद्दी डाव. मोठमोठी सरकारं जिथं फसली तिथं आपण फसायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. तो टिपणिसांना खंडोबाच्या देवळात घेऊन गेला. टिपणिसांनी आनंदानं बूट काढले, बेलभंडारा उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “चिमाजीराव माल विकतील तोवर या भागात कंपनी दुसऱ्या कुणाला एजन्सी देणार नाही.” थोडी हळद त्यांच्या टायवर सांडली. ती त्यांनी झटकली, पण डाग राहिला. त्या डागाकडं बघून चिमाजीला फार बरं वाटलं. कागद कागदाच्या जागी, भंडारा भंडाऱ्याच्या जागी. ज्या कंपनीनं सरकारांना वाकवलं, तिला त्यानं चिमूटभर हळदीनं बांधलं होतं.

दुसऱ्याच दिवशी कंपनीची मोटार आली आणि ‘चिमाजी सोडा’च्या सगळ्या बाटल्या गोळा करून घेऊन गेली. बनवायचा नाही म्हटल्यावर बाटल्या हव्यात कशाला? बदल्यात तपकिरी खोकी उतरवली. बाटल्या आकुर्डीच्या खाणीत नेऊन फोडल्या. त्या वर्षी चिंचवडातल्या पोरांना गोट्यांचा तोटा पडला नाही. चिमाजी रस्त्यानं जायचा तेव्हा त्याचं भांडवल गल्लोगल्ली रिंगणात घरंगळत असायचं. काही पोरांचा नेम फार चांगला होता.

हिरवी पेटी घेऊन तो पहिल्यांदा फाटकावर गेला, तेव्हा सोपानराव हातगाडीवर ओलं गोणपाट टाकत होते. त्यांनी पेटीकडं पाहिलं, बोर्डाकडं पाहिलं.

“चिमाजीराव, रूळ कुठं ऱ्हायलं?”

“हा सोडा नाही, सोपानराव.”

“दिसतंय की. काळं पानी हाय.”

“शपथ सोड्याची होती.”

“व्हय, व्हय.” सोपानरावांनी गोणपाट नीट पसरलं. “देवळात तवा मला वाटलं आपण दोघंच हाय. तुमचा वकील बी व्हता, ह्ये ध्यानात न्हाई आलं.”

बर्फातली बाटली नवीन होती, गोड होती, परदेशी होती. तरुण कामगार तिच्याभोवती जमले. उन्हाळा लागेपर्यंत हातगाडी फाटकावरून हलली.

चिमाजीचं चाललं होतं. पण दत्तोबाच्या दुकानात काहीतरी बिनसलं. मास्तरांनी एकदा सहज विचारलं, “काय चिमाजीराव, जिनिव्हाच्या त्या व्यापारी वाटाघाटींचं काय झालं?” तेव्हा चिमाजीनं घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं आणि म्हणाला, “यंदा उकाडा फार आहे.” त्यानं परराष्ट्रव्यवहार सोडला आणि हवामान घेतलं. गिऱ्हाईक कमी झालं नाही. हवामानावर तो बरा बोलायचा.

वर्ष संपलं आणि नवे साहेब आले. टिपणीस नव्हेत. बरोबर पुण्याचा एक बडा व्यापारी होता, त्याच्या मालकीचा मोटारट्रक दारात उभा. साहेबांनी सांगितलं की यापुढं ही एजन्सी शेटजींकडं राहील. चिमाजीरावांनी केलेल्या कामाबद्दल कंपनी आभारी आहे. पेटी आणि बोर्ड आज घेऊन जाऊ.

“असं कसं?” चिमाजी उभाच राहिला. “टिपणीससाहेबांनी बेलभंडारा उचललाय. खंडोबापुढं.”

“टिपणीस आमच्याकडे नाहीत आता. मद्रासला एका साबणाच्या कंपनीत गेले.”

“पण शपथ वाहिलीय त्यांनी!”

“वाहिली असेल,” साहेब सहानुभूतीनं म्हणाले. “त्यावरून त्यांचं काही बरंवाईट झालं, तर आम्हांला मनापासून वाईट वाटेल.”

“ती कंपनीच्या वतीनं वाहिली होती.”

“कंपनीनं काय उचललं, चिमाजीराव? तिला हात कुठे आहेत?” साहेब चेष्टा करत नव्हते. शाळेतल्या मुलाला समजावून सांगावं तसं सांगत होते. “तक्रार असेल तर लवादाकडे अवश्य जा. आमचेच कायदेसल्लागार त्यांना नेमतात. माणूस अत्यंत सज्जन आहे.”

पेटी ट्रकवर चढली. बोर्ड काढताना भिंतीचा पोपडा पडला. ट्रक गेल्यावर चिमाजी मशिनशेजारी बसला. लंडनच्या त्या लोखंडाला हात लावला, तर ते थंड होतं. बाटली एकही नव्हती. बाटलीवाचून सोड्याचं मशीन म्हणजे नुसतं पाण्याला दम देणारं लोखंड.

सावित्रीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पोट दुखत नाही, लाज वाटत नाही, मरत नाही. असंच काहीतरी होतं ना ते? पाण्याला जाताना दत्तोबाच्या दुकानावरून ऐकायला यायचं. चांगलं सांगत होतात हो.”

इतकं बिनतोड व्याख्यान त्यानं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं आणि ते त्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो थेरगावला मंजुळाबाईंकडं गेला. निदान आपल्या अलीकडच्या मुलखात तरी काय उरलंय ते बघावं, म्हणून. त्याची खात्री होती की वर्षभरात सोपानरावांच्या बाटल्या इथं नांदायला लागल्या असतील. आपण शपथेला वळसा घातला म्हटल्यावर त्यांनी का घालू नये? पण फळीवर सोड्याची एकही बाटली नव्हती.

“सोडा ठेवत नाही आता?”

मंजुळाबाई किटली आपटून म्हणाल्या, “ठिवीन कुठनं? तुमी बंद केलासा. ते तपकिरी गोड पानी आमच्या म्हाताऱ्यांना सोसत न्हाई, प्वाट फुगलं की सोडाच मागत्यात. शेवटी मी आपली चिखलीला ग्येले, सोपानरावाकडं. म्हनलं द्या दोन खोकी. तर न्हाई म्हनला.”

“नाही? का?”

“म्हनला, रुळाच्या त्या अंगाचं गिऱ्हाईक चिमाजीचं हाय. मी म्हनलं, अवो, त्यो चिमाजी तुमच्या दारात उभा राहून काळं पानी इकतोय. तर मला म्हनतो, त्येनं सोडली म्हून मी सोडू व्हय? मी काय कंपनी हाय?”

चिमाजीनं चहा मागवला होता. तो तसाच राहिला. सोपानराव उन्हाळ्यापासून फाटकावरून हटले होते, धंद्यात पडले होते. रुळाच्या अलीकडं सगळी गावं वर्षभर सोड्यावाचून मोकळी पडली होती, आणि या माणसानं तिकडं एक खोकं पाठवलं नव्हतं. त्याचा मुलूख जसाच्या तसा होता. ज्याला त्यानं फसवलं, त्यानंच तो राखून ठेवला होता. पेटी ट्रकवर चढली त्यापेक्षा हे फार जड होतं.

“चिखलीला जा,” तो घरी आल्यावर सावित्रीबाई म्हणाल्या.

“कुठल्या तोंडानं जाऊ?”

“हेच न्या. दुसरं कुठाय?”

चिखलीत सोपानराव अंगणात बाटल्या धूत बसले होते. चिमाजीनं वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं. त्यात परिस्थितीचा रेटा होता, परक्या सत्तेची लबाडी होती आणि शेवटी थोडा पश्चात्ताप होता.

“सोपानराव, आज जगभरात लहान धंदेवाल्याची जी कोंडी...”

“भाषान दत्तोबाकडं,” सोपानराव मान वर न करता म्हणाले. “हितं काय पायजे त्ये सांगा.”

“बाटल्या,” चिमाजी म्हणाला. “माझ्या फोडल्या. म्हणजे मीच फोडू दिल्या. मी तुम्हांला फसवलं.”

“त्ये म्हाईत हाय. म्या तिथंच उभा व्हतो.” सोपानरावांनी एक बाटली उन्हात धरून आत पाहिलं. “तुमच्या गोट्या आमच्या नातवाकडं बी हाईत. चिंचवडात मामाकडं ग्येला व्हता, जिंकून आणल्या. गुळगुळीत हाईत.”

चिमाजी हसला नाही. त्याला हसू येत होतं, पण ते आपल्यावरचं होतं आणि सोपानरावांच्या अंगणात ते आणायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं.

“थोड्या खोक्यांतल्या बाटल्या न्या,” सोपानराव म्हणाले. “भरा, रुळाच्या तिकडं इका. धुवून परत आना, म्हंजी झालं.”

“आणि अट?”

“अट कसली?”

“नाही, म्हणजे... पुन्हा बेलभंडारा उचलू आपण. यंदा मी वकील न आणता येतो.”

सोपानराव पहिल्यांदा त्याच्याकडं बघून बोलले. “मागला अजून उतारला न्हाई. त्येच्यावर आनिक कशाला? खंडोबाला बी वझं व्हतं.”

“फाटकावर शेटजीचा ट्रक उभा असतो. तुमचं गिऱ्हाईक मी घालवलं.”

“घालवलंसाच. उद्यापास्नं मी गाडी तिथं न्हेतो. तुमी बी या हाताशी. एकट्यानं गोळ्या दाबून अंगठा दुखतोय.” मग बाटली खोक्यात ठेवता ठेवता म्हणाले, “रूळ ओलांडताना मला इचारून या म्हंजी झालं. रोज.”

चिमाजीनं वर्षभर रोज विचारलं. ट्रक तिथंच राहिला, हिरवी पेटीही राहिली. तरुण पोरं बूच उघडत राहिली. पण जेवून पोट जड झालेले, दुसऱ्या शिफ्टला जाणारे लोक हातगाडीकडं वळू लागले. श्रीमंत कुणीच झालं नाही. मशीन मात्र फिरत राहिलं आणि बंद होऊन गंजायचं जे भय होतं ते गेलं.

थेरगावात तो पहिलं खोकं घेऊन गेला त्या दिवशीची गोष्ट. मंजुळाबाईंच्या हॉटेलात एक प्रवासी उतरला होता, तळेगावकडचा. त्यानं बाटली हातात घेतली आणि पोटावरची काचेची अक्षरं वाचली : ‘सोपान सोडा, चिखली’.

“चिखलीचा सोडा थेरगावात कसा हो?” त्यानं विचारलं. “आणि तुम्ही तर चिंचवडचे म्हणता.”

असा प्रश्न चिमाजीला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यानं खांद्यावरचा पंचा सारखा केला, घसा साफ केला. “त्याचं असं आहे, पाहुणे. जगात कंपनी नावाचा जो माणूस आहे ना, त्याला...”

“चिमाजीराव,” मंजुळाबाई चुलीपासून ओरडल्या, “गिऱ्हाईक तानलंय. आधी गोळी दाबा.”

चिमाजीनं अंगठा ठेवला आणि दाबला. गोळी खाली गेली, फेस वर आला आणि पुढचं सगळं त्याच्याऐवजी बाटलीच बोलली.